पाऊस हिवाळ्यात, जहाजे उन्हाळ्यात! ग्रीसच्या हवामानाने इतिहास कसा घडवला?

शाळेत इतिहास आणि भूगोलाचे तास वेगळे असतात. प्राचीन ग्रीस समजून घ्यायचा तर मात्र दोन्ही पुस्तके एकत्र उघडावी लागतात. अथेन्ससारखे बलाढ्य शहर एका मोठ्या युद्धात हरले, तेव्हा त्याच्या भिंती शाबूत होत्या. संपले होते ते धान्य. हे धान्य बाहेरून का आणावे लागत होते, याचे उत्तर हवामानात सापडते.

ग्रीसचे हवामान आपल्यापेक्षा वेगळे कसे?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने. ग्रीसमध्ये नेमके याच काळात आकाश निरभ्र असते. उन्हाळा उष्ण व कोरडा, तर हिवाळा सौम्य आणि पावसाचा. याला भूमध्य सागरी हवामान म्हणतात. उन्हाळ्यात या प्रदेशावर जास्त दाबाचा पट्टा सरकतो. त्यात हवा वरून खाली येते, म्हणून ढग तयार होत नाहीत. हिवाळ्यात हा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि पश्चिमी वारे पाऊस घेऊन येतात.

सगळीकडे सारखाच पाऊस पडतो का?

नाही. पश्चिमेकडची पिंडस पर्वतरांग पावसाचे ढग अडवते. सह्याद्रीमुळे जसे माण, खटाव पर्जन्यछायेत येतात, तसेच अथेन्सचे होते. तिथे वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटरच पाऊस पडतो.

मग लोक काय पिकवत?

शरद ऋतूत पेरणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कापणी, असे तिथले शेतीचे वेळापत्रक होते. गव्हापेक्षा कमी पाण्यावर येणारे बार्ली हे धान्य, कोरड्या उन्हाळ्यात तग धरणारी ऑलिव्हची झाडे आणि द्राक्षवेली ही मुख्य पिके. डोंगराळ प्रदेशामुळे सपाट, सुपीक जमीन थोडी. डोंगरांनी वेगळ्या झालेल्या खोऱ्यांत आणि किनाऱ्यांवर अथेन्स, स्पार्टा, कॉरिंथ अशी स्वतंत्र नगरराज्ये उभी राहिली.

हवामानाचा आणि युद्धाचा काय संबंध?

अथेन्सची लोकसंख्या वाढली, तसे घरचे धान्य पुरेना. तेव्हा काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून धान्याची जहाजे येऊ लागली. हिवाळ्यात समुद्र वादळी असल्याने प्रवास मुख्यतः उन्हाळ्यात होई. त्या काळात एजियन समुद्रावर उत्तरेकडून वारे वाहतात. ग्रीक लोक त्यांना 'एतेसियन', म्हणजे दरवर्षी येणारे वारे म्हणत.

ही जहाजे एका अरुंद सामुद्रधुनीतून येत. तिला आज दार्दानेल्स म्हणतात. स्पार्टाचा सेनानी लायसँडर याने इ.स.पू. ४०५ मध्ये तिथेच अथेन्सचे आरमार नष्ट केले. धान्याची वाट बंद झाली, शहरात उपासमार सुरू झाली आणि इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सने शरणागती पत्करली.

'क्लायमेट' हा शब्द कुठून आला?

ग्रीक भाषेतल्या 'क्लिमा' या शब्दापासून. त्याचा अर्थ उतार किंवा कल. विषुववृत्ताजवळ सूर्यकिरण जवळपास सरळ पडतात, ध्रुवांकडे तिरपे. त्यावरून पृथ्वीचे उष्ण, समशीतोष्ण आणि शीत असे पट्टे कल्पिले गेले. ही मांडणी आजही तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते मात्र उष्ण पट्ट्यात माणसाला राहणेच शक्य नव्हते. महाराष्ट्र याच पट्ट्यात येतो! पुढे इ.स. पहिल्या शतकात मोसमी वाऱ्यांच्या आधारे ग्रीक भाषक व्यापारी इथवर पोहोचले. त्या काळातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण आणि सोपारा या आपल्या बंदरांचा उल्लेख आहे.

आज काय स्थिती आहे?

ग्रीसचा उन्हाळा अधिक कडक होत आहे. जुलै २०२३ मधील उष्णतेच्या लाटेत अथेन्सचे प्रसिद्ध अ‍ॅक्रॉपोलिस भर दुपारी पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले. कोरडी झाडी पेटून मोठे वणवेही लागले. धान्य आता कुठूनही आणता येते. वाढत्या उष्णतेपासून जंगले आणि माणसे वाचवणे अधिक अवघड आहे.

नकाशात शोधा : कॅलिफोर्निया, मध्य चिली, केप टाऊन आणि पर्थ. या सगळ्यांचे हवामान ग्रीससारखेच आहे. त्यांचे अक्षांश पाहा आणि ते खंडाच्या कोणत्या बाजूला आहेत तेही पाहा. कारण तुमचे तुम्हालाच सापडेल.