सुलाची टेस्टिंग रूम: शनिवार-रविवार टाळा

पाहुणे आले की नाशिककरांची गाडी गंगापूर धरणाकडे वळतेच! राजीव सामंत यांच्या सुला वायनरीने तिथे २००५ मध्ये टेस्टिंग रूम सुरू केली. (न पिणारा एक जण गाडी चालवायला धरूनच निघा.) वाइन थोडी थोडी, ओळीने चाखायला मिळते. आधी थंडगार पांढरी, मग लाल. लालचा तुरटपणा जिभेवर रेंगाळतो आणि त्यावर पांढरी फिकी लागते. सोव्हिन्यो ब्लाँ ही पांढरी वाइन आली की ग्लास दांडीला धरून फिरवा, नाक आत घाला. चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो, खरंच! ओतणाऱ्याला बिनधास्त प्रश्न विचारा. गर्दी नसेल तर माणूस खुलून बोलतो. म्हणून मधल्या वारी जा, शक्यतो जानेवारी ते मार्च. तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू असते.