गाठ निघाली, आता दंड कधी?

सुलतानपूरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजाडायच्या आत पोरं धावायला लागतात. तयारी पोलीस भरतीची: 1600 मीटर, 100 मीटर आणि 7.260 किलोचा गोळा. भरतीत छातीही मोजतात. न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून किमान 5 सेंटिमीटर जास्त. ज्या मुलाच्या छातीला बाईसारखा उभार आलाय, त्याला धावण्याची भीती नसते. टेप लावायला शर्ट काढावा लागेल, याची असते. कित्येक मुलं उन्हाळ्यातही दोन बनियन घालून हिंडतात आणि घरी एक शब्द बोलत नाहीत.

या उभाराला वैद्यकात गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषाच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन असतं. टेस्टोस्टेरॉनच्या तुलनेत त्याचं पारडं जड झालं की स्तनाग्रामागची ग्रंथी वाढते. वयात येताना हे अनेक मुलांना होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. काही औषधं, यकृताचे आजार आणि जिममध्ये गुपचूप घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं हीही कारणं असतात. एकाच बाजूला टणक गाठ असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर मात्र लाज बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावा.

व्यायामानं चरबी घटते, ग्रंथी विरघळत नाही. उलट खालचा स्नायू भरला की ती आणखी पुढे येते. म्हणूनच दंड मारून मारून थकलेली मुलं शेवटी शस्त्रक्रियेकडे वळतात. ही काही आजची फॅशन नाही. सातव्या शतकात पॉलस एजिनेटा या ग्रीक वैद्यानं पुरुषांसाठी अशी शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेनं घेतला जाणारा छेद सर्जन जेरोम वेबस्टर यांनी 1946 मध्ये मांडला. आजही तो वापरात आहे.

शस्त्रक्रियेत छातीच्या मोठ्या स्नायूला सहसा धक्का लागत नाही. म्हणूनच मुलगा फसतो. आठ-दहा दिवसांत दुखणं कमी होतं, आरशात छाती सपाट दिसते आणि हात शिवशिवायला लागतात. पण ग्रंथी निघाली तिथे त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये एक पोकळ कप्पा उरलेला असतो. वरची त्वचा हळूहळू खाली चिकटून तो मिटतो. घट्ट प्रेशर बनियान महिना-दीड महिना घालायला सांगतात, ते याचसाठी. या काळात दंड मारला की खालचा स्नायू सरकतो, वरची त्वचा तशी सरकत नाही आणि नुकतं धरलेलं चिकटणं सुटतं. कप्प्यात पाणी साचतं किंवा रक्त.

रक्ताचं कारण समजून घेण्यासारखं आहे. 1985 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वजन उचलणाऱ्यांच्या धमनीत थेट नळी घालून रक्तदाब मोजला गेला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी 320/250 पर्यंत चढला होता. म्हणजे ‘आज फक्त पायांचा व्यायाम’ म्हणून श्वास कोंडून वजन ढकललं, तरी छातीतल्या कोवळ्या रक्तवाहिन्यांवर ताण येतोच.

जखमेची ताकदही सावकाश येते. एका आठवड्यानं ती मूळ त्वचेच्या जेमतेम 3 टक्के असते, तीन आठवड्यांनी 20 ते 30 टक्के, तीन महिन्यांनी 80 टक्क्यांच्या आसपास. म्हणून चालणं दुसऱ्या दिवसापासून, पायांचे हलके व्यायाम साधारण दोन-तीन आठवड्यांनी, छातीचे हलके व्यायाम चार ते सहा आठवड्यांनंतर आणि जड वजन त्याहून पुढे, असा सर्वसाधारण क्रम असतो. कुणाची गाठ किती मोठी होती त्यावर हे बदलतं, म्हणून तारीख ठरवायची ती आपल्या सर्जननं.

आपल्याकडे खरी अडचण जिमची नाहीच. सर्जननं ‘जिम बंद’ सांगितलं, की पोरगा जिम बंद करतो आणि पाठीवर फवारणीचा पंप घेऊन शेतात जातो. 16 लिटर पाणी, छातीवरून गेलेले पट्टे आणि दांडा मारणारा हात. शरीराच्या हिशेबी हा छातीचाच व्यायाम. सोयाबीनचं पोतं उचलणं, विहिरीतून बादली ओढणं, मोटारसायकलला किक मारताना हँडल दाबणं, सगळं त्यातच आलं. हे डॉक्टरला आधी सांगायला हवं, आणि घरच्यांनाही. ‘सर्जन हो म्हणेपर्यंत पोतं उचलू देऊ नका’ हे आईला कळलं, तर पथ्य पाळलं जातं.

‘मेहनतीची छाती वाया जाईल’ ही धास्ती मात्र सोडावी. स्नायू वाढताना त्याच्या तंतूंत नवी केंद्रकं येतात. ऑस्लोमध्ये ब्रूसगार्ड, गुंडरसन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये उंदरांवर दाखवलं, की स्नायू रोडावला तरी ही केंद्रकं टिकून राहतात. कमावलेलं शरीर लवकर परततं, हा पैलवानांचा जुना अनुभव आहेच.

परवानगी मिळाली की पहिला दंड जमिनीवर नाही, भिंतीवर. दोन हात लांब उभं राहून तळवे टेकायचे, कोपर सावकाश वाकवायचे, श्वास सोडत मागे यायचं. दुसऱ्या दिवशी सूज किंवा एका बाजूला फुगवटा दिसला तर थांबायचं आणि दाखवायचं. मग ओट्यावर हात टेकून, मग जमिनीवर. गोळा सगळ्यात शेवटी, कारण त्यात एकाच बाजूची छाती झटक्यानं ताणली जाते. मैदानी चाचणी दोन-तीन महिन्यांवर आली असेल, तर भरती उरकूनच शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी.