येडगावचं धरण कुणी बांधलं, आणि डोंगर?

येडगावच्या धरणाची भिंत पाहिली की ती कुणीतरी बांधली, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग कुकडीचं खोरं, भोवतीचे डोंगर? तेही कुणीतरी घडवलेच असणार! ईश्वर सिद्ध करणारा हा युक्तिवाद जुना, आणि त्याच्याभोवतीचे गैरसमजही तितकेच चिवट.

देव म्हणजे आपल्याकडे निव्वळ श्रद्धा, तर्काचा खटाटोप पाश्चात्त्यांचा, हा पहिला. वस्तुस्थिती अशी, की उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकात ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली ती ईश्वर तर्काने सिद्ध करायलाच. घट हे कार्य, त्याला कुंभार लागतो. पृथ्वीही कार्यच, मग तिलाही कर्ता हवा, हे उदयनांसारख्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं, म्हणणं. यावरचा सगळ्यात बोचरा आक्षेप बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने सातव्या शतकातच घेतला होता: मातीला आकार आहे एवढ्यावरून कुंभार मानायचा, तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणा! धरणं बांधताना माणसं दिसतात, म्हणून भिंतीवरून आपण बांधणारे ओळखतो. डोंगर घडवताना कोण दिसलं? शिवाय धरण एकट्याने बांधलेलं नसतं. मग जगाचा कर्ता एकच कशावरून? उदयनांना बौद्धांचे आक्षेप ठाऊक होते, त्यांच्याशीच तर त्यांचा वाद होता.

जगाचा कर्ता नाकारणारा म्हणजे धर्मबुडवा, असंही म्हटलं जातं. पण वेदांचा कट्टर कैवारी कुमारिलभट्टही जगाचा कर्ता मानत नाही. आणि येडगावच्याच तालुक्यातल्या लेण्याद्रीला ज्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपतीचं दर्शन घेतात, तो मुळात बौद्ध विहार. सृष्टिकर्ता न मानणारे भिक्खू तिथे राहत.

याच भागातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा दाखला दोन्ही बाजूंचे लोक देतात. महास्फोट झाला म्हणून देव आहे, किंवा म्हणूनच नाही. तिच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात; ‘कर्ता’ हे काही त्यांच्या मोजमापात येत नाही. महास्फोटाच्या कल्पनेचा जनक लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू. तरी १९५१ साली पोपनी तिचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा ते त्याला रुचलं नाही.

युक्तिवाद पडला म्हणजे देव नाही हे सिद्ध झालं, असंही नव्हे. कांटने १७८१ मध्ये ईश्वराचे पुरावे एकेक करून मोडले, पण त्याचं नसणंही बुद्धीने सिद्ध होत नाही, असंच तो म्हणाला.

आणि समजा, उदयन जिंकले. तरी हाती लागतो तो परमाणू जुळवणारा, कर्माचं फळ देणारा कर्ता. तो ओझरच्या गणपतीला केलेल्या नवसाला पावेल, हे कुंभाराच्या दाखल्यातून निघत नाही.