हायड्रोजनवर चालणारी इमारत: कुठे हवी, कुठे नको

आज आधी एक चूक कबूल करते. मागे एका भागात बोलण्याच्या भरात मी सांगून गेले, की सौरऊर्जा आणि हायड्रोजनची टाकी एकत्र आली की इमारतीला डिझेल जनरेटरची गरजच उरणार नाही. ते ऐकून इंदूरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. त्यांच्याकडे एक विक्रेता येऊन गेला होता. "ताई, सिंकिंग फंडातले पैसे यात घालू का?" चाळीस कुटुंबांनी वर्षानुवर्षं साठवलेला पैसा. माझ्या एका वाक्यावर तो जाऊ नये, म्हणून आज हिशेब मांडते.

यंत्रणा समजायला सोपी आहे. दिवसा पॅनेलवर जास्तीची वीज तयार होते. ती इलेक्ट्रोलायझरमध्ये पाण्यातून सोडली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू होतात. हायड्रोजन टाकीत दाबून भरायचा. रात्री तोच फ्युएल सेलमध्ये हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि वीज, उष्णता व पाणी देतो. धूर नाही, घरघर नाही. मी भाळले ती इथेच.

आता आकडे बघा. एक किलो हायड्रोजन तयार करायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोतून फ्युएल सेल परत देतो १६ ते १८ युनिट. म्हणजे शंभर घाला, तीसेक परत घ्या. टाकीत दाबून भरायलाही थोडी वीज जाते, ती वेगळी. लिथियमच्या बॅटरीत शंभर घातले तर ८५ ते ९० परत येतात. शिवाय किलोमागे किमान नऊ लिटर शुद्ध पाणी हवं, नळाचं तसंच चालत नाही.

आंध्र प्रदेशात सिंहाद्रीला एनटीपीसीने २०२१ मध्ये आखलेला प्रकल्प पाहा. दिवसा तरंगत्या सौर प्रकल्पाची वीज घ्यायची, आणि संध्याकाळी ५ पासून सकाळी ७ पर्यंत हायड्रोजनवर चालवायचं. वीज घेणारा इलेक्ट्रोलायझर २४० किलोवॅटचा, देणारा फ्युएल सेल ५० चा. एवढी तफावत का? ऊन थोडे तास आणि रात्र चौदा तासांची, हे एक कारण. वाटेतली गळती हे दुसरं.

मग हे कुणी करावंच का? ज्याला आजची वीज उद्या नाही, सहा महिन्यांनी हवी आहे, त्याने. स्वित्झर्लंडमध्ये ब्रुटन गावात २०१६ पासून नऊ कुटुंबांची एक इमारत आहे, तिला बाहेरून विजेची वा गॅसची जोडणीच नाही. उन्हाळ्यातलं ऊन तिथे हायड्रोजन करून हिवाळ्यासाठी ठेवतात. तेवढी वीज बॅटरीत ठेवायची तर बॅटऱ्यांचा डोंगर लागेल, आणि वर्षातून एकदाच वापरायचा! टाकी मोठी करणं त्यामानाने स्वस्त. फ्युएल सेलची उष्णताही तिथे घर ऊबदार ठेवायला कामी येते. इंदूरच्या मे महिन्यात तिचं काय करणार?

आपल्याकडे खरी जागा लडाख. चुशूलला सुमारे ४,४०० मीटर उंचीवर लष्करासाठी एनटीपीसीने सौर-हायड्रोजन प्रकल्प हाती घेतला, वर्षभर २०० किलोवॅट देणारा. पारा तिथे उणे ३० पर्यंत उतरतो. डिझेल घाट चढून न्यायचं. तिथला एक लिटर आणि तुमच्या चौकातल्या पंपावरचा एक लिटर, यांची तुलनाच होत नाही.

काकांच्या सोसायटीची गरज केवढी? वीज गेली तर दोन तास लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे. माझ्या अंदाजाने १५-२० युनिट. त्याला बॅटरी पुरते.

आणखी एक गोष्ट मला खटकली. टाकी तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवू, असं विक्रेता म्हणाला होता. स्वयंपाकाचा गॅस जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरतो आणि वासाने कळतो. हायड्रोजन उलटा. त्याला वास नाही, ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही, आणि तो वर जाऊन छताखाली साचतो. हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. उघड्यावर तो झटकन उडून जातो, म्हणून त्याची जागा मोकळ्या हवेत. तळघरात नाही म्हणजे नाही.

काकांना मी म्हटलं, विक्रेत्याला दोनच आकडे लेखी मागा: किलोला किती युनिट घेणार, किती परत देणार. आणि गेल्या वर्षभरात वीज किती वेळा, किती तास गेली, ते जनरेटरच्या वहीतून काढा. वही वॉचमनकडे असते, म्हणाले. रविवारच्या मीटिंगला ती घेऊन बसणार आहेत.