दोघींचं माहेर इटली

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या सिग्नलला जुनी फियाट आणि नवी लॅम्बोर्गिनी शेजारी शेजारी थांबल्या, तर मोबाइलचे कॅमेरे कुणाकडे वळतील हे वेगळं सांगायला नको. पण माहेर दोघींचंही इटलीच. पहिली तुरिनच्या आराखड्यावर वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात बांधली. १९७४पासून ती ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली, तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. दुसरी २०१४ची ‘हुराकान’.

फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. हुराकानच्या ५.२ लिटरच्या, दहा सिलिंडरच्या इंजिनाची ६१०. शून्यावरून ताशी १०० किलोमीटर व्हायला ३.२ सेकंद. कागदावरचा सामना इथंच आटोपतो.

चालवायला बसल्यावर मात्र हिशेब बदलतो. इंजिन थंड असेल तर फियाटचा चोक ओढायचा, आवाज स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग स्टिअरिंगलगतच्या दांड्यानं गिअर टाकायचा. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे गाडी पार्क करताना दंड भरून येतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणून पुढच्या गाडीपासून चार हात लांब राहिलेलं बरं. हुराकानमध्ये यातलं बरंचसं संगणक बघतो. चाक घसरायला लागलं की इंजिनाची ताकद तोच आवरतो. गिअरही हवं तर तोच बदलतो. बिघाड झाला तर फियाटचा कार्बोरेटर खोलून, जेट फुंकून साफ करता येतो. हुराकानला आधी स्कॅनर जोडावा लागतो.

हुराकानची खरी परीक्षा आपले गतिरोधक घेतात. पोट घासू नये म्हणून गाडीचं नाक बटणानं वर उचलायची सोय कंपनी जादा पैसे घेऊन देत असे. फियाट डुलत पार होते.

आणि एवढा वेग वापरायचा कुठं? जानेवारी २०२४मध्ये खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवरही मोटारींना मर्यादा ताशी १००चीच.

जुन्या गाडीचं दुखणं वेगळं. जगभरचे शौकीन साधारण १९१९ ते १९३०च्या गाड्यांनाच ‘व्हिंटेज’ म्हणतात. आपल्याकडे २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी त्यात बसते, म्हणजे पहिल्या पद्मिनीही आता पात्र. नोंदणी २० हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच मुभा. एपीएमसी मार्केटातून आंब्याची पेटी आणायची असेल, तर दुसरी गाडी काढावी लागते.