ठिपक्यांतून चालत आलेला योद्धा

रॉबर्ट झेमेकिस यांच्या २००७ सालच्या ‘बेओवुल्फ’ चित्रपटाचा नायक उंचापुरा, पिळदार अंगाचा तरुण योद्धा आहे. ही भूमिका केली रे विन्स्टन या ब्रिटिश नटाने. त्या वेळी तो पन्नाशीला टेकलेला होता आणि अंगानं चांगला भरलेला. पडद्यावर त्याच्या कातडीचा कणही दिसत नाही. पण चाल त्याची, मान वळवण्याची ढब त्याची, पाऊल रोवण्यातली गुर्मीही त्याचीच. अंग एकाचं, हालचाल दुसऱ्याची! अंगावरचा शेला काढून घ्यावा तशी माणसाची हालचाल काढून घेता येते?

येते. या करामतीला मोशन कॅप्चर म्हणतात.

आधी कथा पाहू. ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं ३,१८२ ओळींचं महाकाव्य. डेन्मार्कचा राजा ह्रोथगार याच्या महालावर ग्रेंडेल नावाचा राक्षस रात्री-अपरात्री चालून येतो आणि माणसं मारतो. समुद्रापलीकडून आलेला बेओवुल्फ त्याच्याशी शस्त्राविना झुंजतो, त्याचा हात खांद्यापासून उपटून काढतो. मग ग्रेंडेलची आई सूड घ्यायला येते. पुढे म्हातारपणी बेओवुल्फची गाठ ड्रॅगनशी पडते. गंमत अशी, की ग्रेंडेल दिसतो कसा हे कवी जवळजवळ सांगतच नाही. डोळ्यांतून आगीसारखा अभद्र उजेड पडतो, अशी एखाददुसरी खूण मात्र देतो. बाकीचा राक्षस ऐकणाऱ्याने आपापला उभा करायचा. मग पडद्यावर तो उभा कसा करायचा?

आता स्टुडिओत चला. तिथं महाल नाही, समुद्र नाही. रिकाम्या जागेत नट अंगाला घट्ट बसणारे पोशाख घालून उभे आहेत. पोशाखावर आणि चेहऱ्यावर छोटे गोल ठिपके. भोवती दोनशेहून अधिक कॅमेरे, आणि ते नटांचे चेहरे टिपतच नाहीत. त्यांना दिसतात फक्त ठिपके.

रात्री हायवेवर गाडीचा दिवा पडताच दिशादर्शक पाटी लख्ख उजळते ना? हे ठिपकेही त्याच जातीच्या पदार्थाने मढवलेले असतात. प्रकाश जिथून आला तिथंच तो परत पाठवायचा, हा त्या पदार्थाचा गुण. म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीच दिव्यांचं कडं बसवतात. दिव्याचा प्रकाश ठिपक्यावर आपटून थेट भिंगात शिरतो आणि बाकीचं जग काळोखात बुडतं. कॅमेऱ्याला दिसतं ते अंधारात नाचणारं नक्षत्र!

पण एका कॅमेऱ्याला ठिपका कुठल्या दिशेला आहे एवढंच कळतं, किती दूर आहे ते कळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला बसा, अडचण लगेच ध्यानात येईल. दुसऱ्या कॅमेऱ्याची दृष्टिरेषा पहिलीला जिथं छेदते, तिथं ठिपक्याचं अवकाशातलं नेमकं स्थान सापडतं. मग दोनशे कॅमेरे कशाला? कारण माणसं एकमेकांना बिलगतात, पाठ फिरवतात, हात मागे नेतात. कुठलाही ठिपका कधीही लपू शकतो आणि तो निदान दोघांना तरी दिसत राहायला हवा. म्हणून सामानसुमानसुद्धा तारेच्या जाळीचं बनवलेलं, आरपार दिसणारं!

पुढची अडचण अशी, की सगळे ठिपके सारखेच. मनगटाचा कोणता, कोपराचा कोणता? इथं हाडं मदतीला येतात. माणूस कितीही उड्या मारो, त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतचं अंतर बदलत नाही. या न बदलणाऱ्या अंतरांच्या आधाराने संगणक ठिपक्यांमागचा सांगाडा हुडकून काढतो. तो सांगाडा एकदा हाती आला, की त्यावर हवं ते अंग चढवा: तरुणाचं, म्हाताऱ्याचं, राक्षसाचं.

आणि या उघड्या ठिपक्यांत माणूस उरतो का? १९७३ साली गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने हेच पाहिलं. माणसाच्या सांध्यांवर डझनभर दिवे लावून त्याने अंधारात चित्रण केलं. माणूस स्थिर असताना बघणाऱ्यांना नुसते विखुरलेले ठिपके दिसले. त्याने पाऊल उचललं मात्र, क्षणार्धात सगळ्यांनी ओळखलं: अरे, हा तर चालणारा माणूस! चेहरा नाही, कपडे नाहीत, बाह्यरेषाही नाही, तरी माणूस पुरता हजर. ही युक्ती त्याहूनही जुनी आहे. एतियेन-जूल मारे हा फ्रेंच शास्त्रज्ञ १८८०च्या दशकात माणसाला काळा पोशाख चढवायचा, हातापायांवर पांढऱ्या चकाकत्या रेघा लावायचा आणि काळ्या पडद्यापुढून चालवत एकाच काचेवर त्याच्या हालचालींची मालिका टिपायचा. सिनेमाचा जन्म अजून व्हायचा होता!

आता ग्रेंडेलकडे वळू. त्याची भूमिका क्रिस्पिन ग्लोव्हरने केली. साध्या उंचीच्या माणसाची हालचाल राक्षसाच्या देहावर जशीच्या तशी चढवली तर काय होईल? राक्षस खेळण्यातला वाटेल. लांब लंबक सावकाश झुलतो. लांबी चौपट केली, तर एका झोक्याला दुप्पट वेळ लागतो. मोठ्या देहाच्या लांब पायांनाही हाच नियम जाचतो. म्हणजे राक्षसाचं वजन आपल्याला जाणवतं ते त्याच्या आकाराइतकंच त्याच्या वेळेमधून.

सगळ्यांत अवघड काम डोळ्यांचं. गालावर ठिपका चिकटवता येतो, बुबुळावर कसा चिकटवणार? झेमेकिस यांच्या आधीच्या ‘द पोलर एक्सप्रेस’मधल्या पात्रांच्या निर्जीव नजरेवर खूप टीका झाली होती. ‘बेओवुल्फ’साठी तंत्रज्ञांनी शरीरातलीच एक अद्भुत गोष्ट हाताशी धरली. आपला प्रत्येक डोळा म्हणजे एक इवलीशी बॅटरी आहे! पुढची बाजू मागच्या दृष्टिपटलाच्या तुलनेत धनभारित असते. नजर वळली की बॅटरी वळते आणि भोवतालच्या कातडीवरचा अतिशय क्षीण विद्युतदाब बदलतो. डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड चिकटवून हा बदल मोजला गेला आणि त्यावरून नजरेची दिशा काढली गेली. तरीही काही प्रेक्षकांना ते डोळे परकेच वाटले. माणसाच्या अगदी जवळ येऊन किंचित चुकलेला चेहरा आपल्याला अस्वस्थ करतो, असं जपानचे मासाहिरो मोरी १९७० सालीच सांगून गेले होते. डोळ्यांची पारख करण्यात आपण जन्मापासून तरबेज!

आणखी एक चमत्कार. इथं नट आधी संपूर्ण प्रसंग रंगमंचावरच्यासारखा सलग करतात आणि कॅमेरा कुठं ठेवायचा ते दिग्दर्शक नंतर ठरवतो. घडून गेलेल्या प्रसंगाभोवती तो महिन्यांनी पुन्हा फिरू शकतो, वरून बघू शकतो, पात्राच्या खांद्यामागं जाऊन उभा राहू शकतो.

‘बेओवुल्फ’ या मूळ महाकाव्याची जुनी प्रत जगात एकच उरली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी दोन लेखनिकांनी ती उतरून काढली, १७३१च्या आगीत तिच्या कडा करपल्या आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लिपीने तेव्हा मोठा पराक्रम केला. बोलणं तोंडापासून सोडवलं आणि चामड्याच्या पानांवर जपलं. पण असं काव्य सभेत गाणाऱ्याचे हातवारे, त्याची मान, त्याचं थबकणं लिपीला धरता आलं नाही. ते कायमचं गेलं. आज बोलण्यासारखी हालचालही देहापासून सोडवून जपता येते. म्हणून पुढच्या हजार वर्षांनंतरच्या माणसांना आपल्या काळातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचे नुसते शब्द वाचून कल्पना करत बसावं लागणार नाही. हवं तर ती माणसं त्यांच्या अगदी शेजारी उभी राहून, हव्या त्या बाजूने त्यांना पाहू शकतील!