निनावी लेखणीला दार उघडे असावे काय?

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'मराठी विश्वकोशा'चे जाडजूड खंड आपण पाहतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील नोंदींखाली लेखकाचे आडनाव असते. चुकीचा जाब कोणाला विचारावा, हे कळते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची तऱ्हा निराळी. तेथे नाव न नोंदवताही कोणीही मजकूर बदलू शकतो. ही मोकळीक योग्य आहे काय?

विरोधकांची भीती निराधार नाही. २००५ साली इंग्रजी विकिपीडियावर एका निनावी इसमाने जॉन सायगनथेलर या अमेरिकन पत्रकाराचा संबंध केनेडींच्या खुनाशी जोडला. ते असत्य चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले! त्यानंतर तेथे निनावी व्यक्तींना नवा लेख सुरू करण्यास बंदी झाली. जुन्या लेखांत दुरुस्तीची मुभा मात्र राहिली. पोर्तुगीज विकिपीडियाने तर २०२० साली ही मुभाही काढून घेतली.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली आपल्या जिल्ह्यातील वणी येथे झाला. समजा, एखाद्या नोंदीत हे गाव चुकीचे पडले. वणीचा एखादा विद्यार्थी ते वाचतो. लगेच दुरुस्ती करता आली तर तो करील. आधी खाते उघडा, परवलीचा शब्द ठरवा, असे म्हटले तर बहुधा पान मिटून निघून जाईल. लिहिणारे हात मुळातच थोडे असलेल्या भाषेला असा एकेक हात मोलाचा असतो.

शिवाय खाते उघडल्याने खरे नाव कळते असे थोडेच आहे? टोपणनावानेही खाते निघते. वाचकाचे खरे रक्षण करतो तो बदलांचा इतिहास. प्रत्येक फेरफार तेथे नोंदला जातो आणि पूर्वीचा मजकूर परत आणता येतो. वादग्रस्त पानांना कुलूपही लावता येते. अर्थात, हे सारे करण्यास जागता पहारेकरी हवा. मराठीत लिहिणारे थोडे, तसे पहारेकरीही थोडेच. खरी अडचण ही आहे.

म्हणून दार उघडे असावे, पण राखण असावी. लिहिणाऱ्याला नाव विचारण्याआधी आधार विचारावा. मित्रहो, निदान आपल्या गावाच्या पानाची राखण आपण करू शकणार नाही काय?